मालसून बुडाली नाही

चोंगम्पोच्या धक्क्यावर पुतळा बसणार ही बातमी आली तेव्हा प्यो मालसून खाणावळीच्या मागल्या अंगणात पाखट मासा चिरत बसली होती. मातीच्या रांजणात, गवतात पुरून आंबवलेलं पाखट. त्याच्या दर्पाने नवख्या माणसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. मालसूनच्या नाकाला तो कळेनासा होऊन जमाना झाला होता. बातमी आणली ग्वीनामने. ग्वीनाम तिची शेजारीण, सुकी मासळी विकायची, आणि गावच्या कोळणींच्या मंडळाची अध्यक्ष होती. ती फाटकातूनच ओरडत आत आली.

"ऐकलंस का गं? तुझा पुतळा बसवतायत!"

"माझा कशाला? मी काय मेलेय?"

"पुस्तकात मेलीयेस ना."

मालसूनचा हात थांबला नाही. सुरी फक्त जरा जोरात चालायला लागली.

ते पुस्तक सगळ्या देशाला ठाऊक होतं. 'धक्क्यावरची मुलगी' त्याचं नाव. शाळेत त्यातला एक धडा लावला होता, टीव्हीवर मालिका येऊन गेली होती. उनह्वा नावाची कोळ्याची पोर शहरातून आलेल्या आजारी तरुणावर जीव टाकते, तो राजधानीत, सोलला निघून जातो, ती धक्क्यावर त्याची वाट बघत राहते आणि एका पहाटे भरतीच्या पाण्यात उतरते. ओठांवर हसू, मनात तक्रारीचा शब्द नाही. लेखक सोक ग्यूहान. गावात साठीच्या आसपासच्या प्रत्येकाला माहीत होतं की उनह्वा म्हणजे मालसून. पण तिच्यासमोर कोणी तसं बोलत नसे, आणि मालसूनने ते पुस्तक कधी हातात धरलं नव्हतं. खाणावळीत कोणी ती मालिका लावलीच, तर ती ओल्या हाताने येऊन बेसबॉलचा सामना लावायची.

तिच्या नावाचा अर्थच 'ही शेवटची' असा. आधी सगळ्या मुलीच झालेल्या. आता पुरे, म्हणून बापाने हे नाव ठेवलं आणि होडी घेऊन समोरच्या बेटावर निघून गेला. तिथे त्याची दुसरी बाई होती. मनात आलं तर यायचा, नाहीतर नाही. आई मात्र रोज संध्याकाळी त्याच्या वाटणीचा भात पितळी वाडग्यात भरायची, झाकण लावायची आणि चुलीच्या धगीने तापलेल्या जमिनीवर गोधडीखाली ठेवून द्यायची. पोरींच्या पानात बार्ली, त्या वाडग्यात पांढराशुभ्र भात. सकाळी आई तो भिंतीकडे तोंड करून एकटीच खायची. लहान मालसूनला वाटायचं, नवऱ्यावर प्रेम करतात म्हणजे हेच करतात. जो येत नाही त्याचा भात गरम ठेवायचा.

ती विशीत असताना त्या घरी ग्यूहान भाड्याने राहायला आला. छातीचं दुखणं होतं; डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितलेली. पातळ बोटं, जाड चष्मा. गावातले पुरुष बायकांशी बोलायचे ते काम सांगण्यापुरतं. हा विचारायचा, "आज उन्हाने डोकं दुखलं का गं?" मालसून समुद्री शेवाळाचे पापड वाळवायच्या वाडीत कामाला जायची, तिच्या बोटांना भेगा पडलेल्या. त्याने त्या भेगांना मलम लावलं. मलम तिनेच विकत आणलेलं होतं, पण लावलं त्याने, आणि तेवढ्यावर तिचा जीव जडला. आपली विचारपूस होते आहे हे सुख तिला नवीन होतं. त्याचे रक्त पडलेले रुमाल तिने दोन हिवाळे गारठलेल्या पाण्यात धुतले. आई म्हणायची, "मुली, तो बोलतो छान. पण बोलताना बघतो खिडकीबाहेर." मालसूनला वाटलं, आईला यातलं काय कळणार!

मग तिला दिवस गेले. "मी पुढे जाऊन खोली बघतो," ग्यूहान म्हणाला, "थंडी सरली की तू ये." थंडी सरली, निरोप आला नाही. शेवटी ती आपणहून सोलच्या गाडीत बसली. सोबत काय न्यायचं म्हणून वाळवलेल्या शेवाळाचं एक मोठं पुडकं घेतलं. तो एका चहागृहात मित्रांबरोबर बसलेला सापडला. ती दारात उभी राहिली, तसा तो उठला आणि हसत हसत मित्रांना म्हणाला, "ही आमच्या घरमालकिणीची धाकटी. बघा, एवढ्या लांबून शेवाळ घेऊन आली!" मित्रांनी पुडकं फोडलं, चवीने खाल्लं, वा वा केलं. ग्यूहानने एकदा तिच्या पोटाकडे पाहिलं आणि मग घड्याळाकडे. तिने समोर आलेला चहा पिऊन टाकला आणि परतीची गाडी पकडली.

मूल पाचव्या महिन्यात गेलं. आईने एका अक्षराने काही विचारलं नाही. बाळंतिणीला देतात ते शेवाळाचं सार शिजवलं, भलामोठा वाडगा भरून तिच्यापुढे ठेवला. "पी," म्हणाली. "बाळ असो नसो, बाळंतीण ती बाळंतीण." मालसून ते रडत रडत प्यायली. आईला यातलं काय कळणार, असं तिला पुन्हा कधी वाटलं नाही.

पुढे काही वर्षांनी दोकबेने तिला मागणी घातली. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. नखांतलं काळं तेल धुऊन निघायचं नाही. मालसूनने त्याला दारातच अडवलं.

"माझं काय झालं ते सगळ्या गावाला माहीत आहे. तुम्हालाही असेल."

"आहे," दोकबे म्हणाला. "मी घोरतो. तेही गावाला माहीत आहे."

लग्न झालं, मुलगा झाला, तो मोठा होऊन इंचोनला नोकरीला लागला. इतक्या वर्षांत दोकबेने तो विषय एकदाही काढला नाही. मालसूनला त्याचं बरं वाटायचं आणि कधी कधी तिडीकही यायची. ज्याला काही विचारावंसंच वाटत नाही, त्याचा आपल्यावर जीव आहे असं म्हणायचं तरी कसं?

पुतळ्याची बातमी आली त्याच सुमारास वाचनालयात ह्येरिम नावाची नवी मुलगी रुजू झाली. ग्वांगजूची, उत्साही, गावातलं जुनंपुराणं तिला काही माहीत नव्हतं. तिने बायकांचं वाचन मंडळ काढलं. "पहिलं पुस्तक आपल्याच गावावरचं घेऊ या, मावशी! तुम्ही यायलाच हवं," म्हणत तिने एक प्रत मालसूनच्या गल्ल्यापाशी ठेवली. दुसरं कोणी असतं तर मालसूनने ते पुस्तक चुलीत घातलं असतं. पण मुलीचा चेहरा इतका निर्मळ होता की तिने ते ठेवून घेतलं. मग दुपारची गर्दी ओसरली की चष्मा लावून वाचायला लागली.

आपलं नाव बदललं, आपल्याला सुंदर केलं, ते तिने सोडून दिलं. आईला भाड्यासाठी हपापलेली म्हातारी केली होती. तिथे तिची कानशिलं तापली. चहागृह तर कुठे नव्हतंच. त्याऐवजी स्टेशनवर तरुण तिच्यासाठी रडत थांबलेला, आणि आपण त्याच्या वाटेत यायला नको म्हणून ही गेलीच नाही! बाळ नव्हतं. तिने पानं मागे उलटून पुन्हा पाहिलं. कुठेच नव्हतं. आणि अगदी शेवटी, पाण्यात उतरताना, 'उनह्वाने त्याला केव्हाच माफ केलं होतं.'

पुस्तक मिटून ती कोबी चिरायला बसली. त्या दिवशी सगळ्या गावाला पुरेल इतका कोबी चिरला गेला. संध्याकाळी दोकबेने तो ढीग पाहिला, सुरी पाहिली आणि किमचीसाठी मीठ आणून दिलं.

वाचन मंडळात ह्येरिमने फळ्यावर प्रश्न लिहिला होता: उनह्वाला प्रेम म्हणजे काय हे कोणाकडून कळलं? बायका गोल करून बसलेल्या. कोणी म्हणालं, आईकडून. कोणी म्हणालं, समुद्राकडून.

"त्या खोकणाऱ्याकडून," ग्वीनाम म्हणाली. "प्रेम नाही कळलं, क्षय कळला."

बायका खिदळल्या. मालसून हसली नाही.

"तिने उडी मारली नाही," ती म्हणाली.

"पण मावशी, शेवटच्या प्रकरणात..." ह्येरिमने पान काढलं.

"शेवटचं प्रकरण ठेव बाजूला. ती घरी आली. तिचं पोर गेलं. तिच्या आईने तिला सार करून पाजलं. ती उठली आणि कामाला गेली. आणि तिने त्याला माफबिफ काही केलेलं नाही. कोणी विचारलंय का तिला?"

ह्येरिमने एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिला हळूहळू उमगलं आणि तिच्या हातातला खडू तसाच राहिला.

"वसंतात ते उद्घाटनाला येणार आहेत," ती कशीबशी म्हणाली.

"येऊ दे की," मालसून म्हणाली. "वाटच बघतेय."

ग्यूहान आला. केस पांढरेशुभ्र, गळ्यात रेशमी रुमाल. नगराध्यक्षांनी भाषण केलं, शाळेच्या मुलींनी गाणं म्हटलं. पडदा ओढला, तर खाली एक सडपातळ पोर हात छातीशी धरून समुद्राकडे बघत उभी. मालसूनने ठेवणीतला निळा सदरा घातला होता. टाळ्या थांबल्या आणि ती गर्दीतून वाट काढत थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ओळखलंस? मी मालसून. मी मेले नाही."

मनातल्या मनात ती हे वाक्य कितीतरी दिवस घोळवत होती. त्याचा चेहरा पांढराफटक पडेल, हातातला कागद गळून पडेल, हेही तिने मनात रंगवलं होतं. क्षणभर तसं झालंही. पण ग्यूहान आयुष्यभर लोकांसमोर बोलत आलेला माणूस. त्याने तिचे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी आणलं आणि कॅमेऱ्यांकडे वळून म्हणाला, "माझी उनह्वा! माझी उनह्वा जिवंत आहे!"

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कोणीतरी हुंदका दिला. मालसून हात सोडवून घ्यायला धडपडत होती आणि फोटोत नेमकं ते भावनेने थरथरणं दिसलं. दुसऱ्या दिवशी तो फोटो वर्तमानपत्रांत. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली, मुखपृष्ठावर तोच फोटो.

"बदला घ्यायला गेलीस आणि त्याच्या दुकानाची पाटी होऊन आलीस," ग्वीनाम म्हणाली. तिला राग आला होता, म्हणून ती असं बोलली. मालसूनने ते ऐकून घेतलं, कारण खरं होतं.

खाणावळीत माणसं लोटायला लागली. जोडपी, कॉलेजच्या मुली, निवृत्त मास्तर. "मावशी, तुम्हीच ना त्या? त्यांच्याबद्दल सांगा ना!" पहिल्यांदा तिने एकदोघांना हाकललं. मग एके दिवशी एका मुलीने डोळे मिटून विचारलं, "असं प्रेम परत कोणावर करता आलं का तुम्हाला?" मालसूनच्या डोक्यात लख्ख काहीतरी पेटलं. आंबवलेलं पाखट, उकडलेलं डुकराचं मांस आणि जुनी किमची तिने मुलीसमोर ठेवली, तांदळाच्या दारूचा, माक्कल्लीचा वाडगा भरला आणि समोर मांडी घातली.

"खा. खाता खाता सांगते."

तिने सगळं सांगितलं. रुमाल, मलम, चहागृह, शेवाळाचं पुडकं, घड्याळ, बाळ. आवाज न चढवता, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं. मुलीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पाखटाच्या दर्पाने की ऐकून, हे कळायला मार्ग नव्हता.

त्या दिवसापासून जो विचारेल त्याला हे ताट मिळायला लागलं. रंगात आली की ती ग्यूहानच्या बोलण्याची नक्कल करायची, आणि नक्कल अशी हुबेहूब की माणसं हसता हसता गप्प व्हायची. मास्तर लोक मान खाली घालून जेवायचे. मुली घरी जाऊन लिहायच्या, एकमेकींना पाठवायच्या. हळूहळू पुतळ्यापाशी फोटो काढणारे कमी झाले. नगरपालिकेने धक्क्यावरच्या जाळ्यांच्या जुन्या कोठारात ग्यूहानच्या नावाचं स्मारकघर करायचं ठरवलं होतं. कोठार होतं कोळणींच्या मंडळाचं. बैठकीत नगराध्यक्षांचा माणूस गावाच्या नावलौकिकाबद्दल बरंच बोलला. त्याचं संपल्यावर ग्वीनाम उभी राहिली.

"ज्या माणसाला आमच्या गावातलं एक पोर आठवलं नाही, त्याच्या आठवणींसाठी आमच्याकडे जागा नाही. जाळी ठेवायला लागते ती. कोण कोण म्हणतं, द्यावी?"

एकही हात वर झाला नाही. मालसून मागे भिंतीला टेकून बसली होती. तिला इतका आनंद झाला की तिला स्वतःचीच थोडी भीती वाटली.

दोकबे मात्र त्या दिवसांत जेवायला खाणावळीत येईनासा झाला. डबा मागवून घ्यायचा आणि इंजिनांच्या शेडमध्ये खायचा. आधी तिला वाटलं, काम जास्त असेल. मग एकदा ती स्वतःच डबा घेऊन गेली. शेडमध्ये कामाला एकही इंजिन नव्हतं. एक जुना पंप उघडून तो नुसता बसला होता.

"जेवायला का येत नाही हो?"

"गर्दी असते."

"तुम्हाला कधीपासून गर्दीचं वावडं?"

दोकबेने हात पुसले. बराच वेळ पुसत राहिला.

"रोज दुपारी तो तिथे असतो," तो म्हणाला. "मी आत आलो की तू त्याच्या आवाजात बोलत असतेस. लोक हसतात. मी जेवायला कुठे बसू?"

मालसून खाली बसली.

"मग इतकी वर्षं एका शब्दाने विचारलं का नाहीत?" तिने उलट त्याच्यावरच तोफ डागली. "मला वाटायचं, तुम्हाला काही पडलेलीच नाही!"

"तू झोपेत रडायचीस लग्नानंतर. मी जागा असायचो. उठवून विचारलं असतं तर तुला सगळं परत सांगावं लागलं असतं."

"जागे असायचात? मग घोरायचं कोण?"

"तुला कळू नये म्हणून घोरायचो."

मालसूनने डबा उघडला, दोन भाग केले आणि ती दोघं तिथेच, तेलाच्या वासात जेवली. दुसऱ्या दिवसापासून खाणावळीत कोणी विचारलं की ती म्हणायची, "गोष्ट संपली. पाखट आहे."

राग संपला होता असं नाही. तो होता तिथेच होता. फक्त तो गिऱ्हाइकांना वाढणं तिने बंद केलं.

शरद ऋतूत एका दुपारी ग्यूहान एकटाच आला. काठी टेकत, श्वास सांभाळत. छातीचं जुनं दुखणं नव्या नावाने परत आलं होतं. खाणावळ रिकामी होती. तो कोपऱ्यात बसला. मालसूनने पाण्याचा पेला आणून ठेवला, कारण दारात आलेल्या माणसाला ती पाणी देतच असे.

"लोक मला पत्रं लिहितात," तो म्हणाला. "शिव्या देतात."

"हं."

"तू सांगतेस ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण मालसून, मी तुला अमर केलं."

"मला मारलंस. पुस्तकातसुद्धा तुला मी जिवंत परवडले नाही."

तो खोकायला लागला. खोकला थांबेपर्यंत ती शांतपणे उभी होती. एके काळी या आवाजाने ती झोपेतून धावत उठायची. आता तिने वाट पाहिली, आगगाडी रेल्वे फाटकातून जायची वाट बघावी तशी.

"माझे थोडे दिवस राहिलेत," तो म्हणाला. "मी माफी मागायला आलोय. खरी. इथे कोणी नाही, कॅमेरा नाही."

"कशाची?"

"सगळ्याचीच."

"सगळ्याची नको. एक एक सांग."

त्याने तोंड उघडलं. "तुला वाट बघायला लावली..." तो म्हणाला. "तुला एकटं टाकलं..." मग अडखळला. मालसून थांबली. तिने त्याला पुरेसा वेळ दिला. बाळाचं नाव काढायला त्याची जीभ वळली नाही. कदाचित त्याला अजूनही ते आठवत नव्हतं, आणि आठवत असेल तर ते आणखी वाईट होतं.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"माफी. नाही देत. तुझ्या पुस्तकात मी दिली ती तू मला न विचारता घेतलीस. खरी माझ्याजवळ आहे, आणि ती तुला मिळायची नाही. आज नाही, तू मेल्यावरही नाही. आता ऊठ. बस येईल तुझी."

"इतका राग, मालसून? एवढ्या वर्षांनी?"

"माझा आहे. मला जपायला आवडतो."

तो उठला. दाराशी काठी अडकली, तेव्हा तिने पुढे होऊन दार धरलं. तो गेल्यावर पेला विसळून पालथा घातला.

दोकबे संध्याकाळी आला तेव्हा गावभर झालं होतं. त्याने बूट काढले, हात धुतले, आणि संसारात पहिल्यांदाच विचारलं, "काय म्हणत होता?"

"माफी मागत होता."

"मग?"

"नाही दिली."

"बरं केलंस," दोकबे म्हणाला.

मालसूनने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "लोक म्हणतील, म्हातारा मरायला टेकला होता, दोन शब्द बोलली असती तर काय झिजली असती."

"त्याचे रुमाल लोकांनी धुतले का?"

तिला हसू फुटलं, असं की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. आयुष्यात तिच्यावर प्रेम करणाऱ्या सगळ्यांनी तिच्याकडून काही ना काही मागितलं होतं. हा बाबा तिचा रागसुद्धा मागत नव्हता. ठेव म्हणत होता, तुझ्याकडेच ठेव.

थंडीत ग्यूहान वारला. वर्तमानपत्रांनी थोडक्यात छापलं. ग्वीनाम विचारायला आली, "अंत्यविधीला जाणारेस का? नगरपालिकेची गाडी जातेय."

"गेले तर लोकांना वाटेल, माफ केलं."

त्या दिवशी मालसून केस कुरळे करून घ्यायला मोकपो शहरात गेली. दोकबे पार्लरच्या बाहेर बाकावर पाय हलवत बसला होता. ती बाहेर आली तेव्हा त्याने डोळे बारीक करून तिच्या डोक्याकडे पाहिलं.

"फ्लॉवरचा गड्डा दिसतेस."

"तुमचं तोंड बघा आधी," मालसून म्हणाली आणि त्याला ओढत समोरच्या चिनी खाणावळीत शेवया खायला घेऊन गेली.